दिवा कोणाचे सांगतो?

रायगड किनारपट्टीवरील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही रोहा स्थानकाची प्रतिकृती पाहिली. १९९८ साली संपूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. तेव्हा विषयाची निवड उचित होती. कळ दाबली, की विद्युतचुंबकी वेटोळे खट्कन सांधा बदलत असे आणि फलकावर त्या मार्गाचा दिवा लागत असे. बांधणी सुबक होती. मात्र विद्युत मंडलात दोन दोष होते.

पहिला दोष असा, की कळ दाबून धरल्यास वेटोळे तापून जळते. सांधा सरकवायला क्षणभराचा झटका पुरतो. म्हणून वेटोळ्याला वीज धारित्रातून, म्हणजे कपॅसिटरमधून द्यावी. २४ व्होल्टला भारित केलेल्या २२०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात सुमारे ०.६३ ज्यूल ऊर्जा साठते. ती एका झटक्यात खर्च होते. त्यानंतर भरणमार्गातील रोधक प्रवाह अल्प ठेवतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दिवा थेट कळीलाच जोडला होता. आम्ही रुळांच्या फटीत खडा ठेवला. सांधा हलला नाही, तरी दिवा लागलाच! खऱ्या रेल्वेत सांधा जागी बसून पक्का झाल्याची खूण मिळाल्याखेरीज सिग्नल मोकळा होत नाही. प्रतिकृतीतही सरकत्या रुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्विच बसवून दिवे त्यांवर चालवावेत.

आज्ञा देणे वेगळे आणि ती पाळली जाणे वेगळे, हाच या प्रतिकृतीचा खरा धडा आहे. परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी एक खडा ठेवून पाहावा.