करुणा पडद्यावर आली, समतेचे काय?

चित्रपट हे केवळ करमणुकीचे साधन समजून त्याकडे पाठ फिरविणे आपल्या समाजाला परवडणारे नाही. जेथे ग्रंथ पोहोचत नाही तेथे चित्रपट पोहोचतो आणि प्रेक्षकांच्या मनावर नकळत संस्कार करतो. म्हणून अस्पृश्यतेच्या प्रश्नाला स्पर्श करणाऱ्या चार चित्रपटांविषयी आम्ही आमची मते येथे मांडीत आहोत. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९५६ मधील आपल्या नभोवाणी भाषणात बौद्ध धम्म आपणांस का प्रिय आहे, याचे कारण दिले होते. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे हा धम्म एकत्रितपणे देतो, हे ते कारण. हीच कसोटी आम्ही या चित्रपटांना लावीत आहोत.

बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' १९३६ साली पडद्यावर आला. रेल्वे फाटकावरील चौकीदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण तरुण प्रताप यांचे प्रेम सफल होत नाही. शेवटी भांडणाऱ्यांना वाचविण्यासाठी धावत्या गाडीसमोर जाऊन कस्तुरी प्राण देते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. परंतु बळी कोणाचा गेला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण होऊ दिले नाही आणि ते त्यांना स्वतःच छापून प्रसिद्ध करावे लागले. अस्पृश्य कन्येच्या मरणावर हळहळणाऱ्या समाजाला जातिसंस्थेची चिकित्सा मात्र ऐकवत नव्हती, याचा हा बोलका पुरावा होय.

बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) निःसंशय अधिक प्रामाणिक आहे. तथागतांना खीर देणाऱ्या सुजातेचे नाव नायिकेला मिळाले आहे. नूतनचा संयत अभिनय आजही मनाला भिडतो. घरातील माउली तिला 'मुलीसारखी' म्हणते, 'मुलगी' म्हणत नाही. या एका शब्दात सवर्ण घरातील करुणेची मर्यादा दिग्दर्शकाने नेमकी पकडली आहे. तथापि शेवटाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. माउलीला रक्ताची गरज पडते, केवळ सुजाताचेच रक्त जुळते आणि मगच ती मुलगी ठरते. रक्ताला जात नसते, हा बोध योग्यच. पण माणुसकी मिळविण्यासाठी आधी उपकार का करावे लागावेत?

याच चित्रपटात टागोरांच्या 'चंडालिके'चा प्रयोग येतो, हे विशेष. 'दिव्यावदाना'तील मूळ कथेत तहानलेला आनंद विहिरीवरील प्रकृतीकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते, तेव्हा आपण जात नव्हे, पाणी मागितले, असे तो उत्तरतो. आनंद प्रकृतीची परीक्षा घेत नाही. तो स्वतःच याचक आहे. समता ती हीच. चित्रपटाने ही कथा रंगमंचावर दाखविली, परंतु आपल्या शेवटात ती उतरविली नाही.

श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) कृतज्ञतेची ही अपेक्षा गळून पडते. जमीनदाराचा मुलगा सूर्या दलित लक्ष्मीचा उपभोग घेतो, पोटातील मूल मात्र नाकारतो आणि भीतीपोटी तिच्या मूकबधिर नवऱ्यालाच चाबकाने झोडपतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते; एक लहान मुलगा त्याच्या खिडकीवर दगड फेकून पळतो. शोषणाची कारणपरंपरा जमिनीच्या मालकीपर्यंत नेऊन दाखविण्यात या चित्रपटाची प्रज्ञा आहे. परंतु त्या मुलाला ना नाव आहे, ना कथा.

जणू त्या मुलाची कथा नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) सांगितली. कैकाडी कुटुंबातील जब्याला शालू आवडते आणि काळ्या चिमणीच्या राखेने ती वश होईल, असे त्याला वाटते. 'चंडालिके'त प्रकृतीची आईही आनंदासाठी मंत्रतंत्रच करते. दोन्हीकडे जादूने प्रेम लाभत नाही. डुक्कर धरताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्या स्तब्ध उभा राहतो. त्याची थट्टा करणाऱ्या गावाला त्याच्या नागरिकत्वाची ही जाणीव दिसत नाही. पुढे मारलेले डुक्कर बाबासाहेबांच्या चित्रासमोरून वाहून नेले जाते. मुक्तीचा मार्ग भिंतीवर रंगविलेला आहे, पण तो चालण्याची मोकळीक नाही, हे एवढ्या थोडक्यात सांगणारे दृश्य आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

अखेरीस जब्याचा दगड थेट प्रेक्षकांवर येतो. तो क्रोध आहे, प्रज्ञा नव्हे, असा आक्षेप घेता येईल. धम्म क्रोधाला अंतिम उत्तर मानीत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु तो दगड कोणाला इजा करण्यासाठी नाही; आजवर दुरून हळहळणाऱ्या प्रेक्षकाला कारणांच्या साखळीत ओढण्यासाठी आहे. दुःखाचे कारण दाखविणे हे दुःखमुक्तीच्या मार्गावरील आवश्यक पाऊल आहे.

समतेविना करुणा उपकार बनते आणि उपकाराची परतफेड सुजाताप्रमाणे रक्तानेच मागितली जाते. आपल्या विहारांत तरुणांना चित्रपट दाखविले जावेत. मात्र पडद्यावरील माणूस दया मागतो आहे की आपला हक्क, हा प्रश्न त्यांच्यासमोर अवश्य ठेवावा. डोळे पुसून घरी जाणाऱ्या प्रेक्षकापेक्षा हा प्रश्न घेऊन घरी जाणारा प्रेक्षक धम्माच्या अधिक जवळ असतो, असे आमचे मत आहे.