तपासनीस गप्प का आहे?

संगणकासाठी आज्ञावली लिहिताना जे साधन वापरतात त्याला कोड एडिटर म्हणतात. पायथॉन शिकवणारे शिक्षक असोत, की शाळेचे संकेतस्थळ सांभाळणारे विद्यार्थी असोत, त्यांच्यापैकी अनेकांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर असतो. तो मुळात आटोपशीर ठेवलेला आहे. ज्याला जी सोय हवी त्याने तिचे एक्स्टेन्शन, म्हणजे पुरवणी, घेऊन जोडावी अशी त्याची रचना आहे. इंग्रजी स्पेलिंग तपासणे हे अशाच एका पुरवणीचे काम. चुकलेल्या शब्दाखाली ती नागमोडी रेघ ओढते.

आता समजा, पानभर मजकुरात एकही रेघ दिसत नाही. याचा अर्थ काय? एक अर्थ असा, की सगळे शब्द बरोबर आहेत. दुसरा असा, की तपासणारी पुरवणी सुरूच झालेली नाही. पडद्यावर या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. या साधनाबद्दलची आमची मुख्य तक्रार हीच आहे.

स्पेलिंग चुकले तर एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. एखादे नाव सगळीकडे एकाच पद्धतीने चुकवले तर संगणकाचे काहीच अडत नाही. आज्ञावली व्यवस्थित चालते. म्हणूनच अशी चूक टिकून राहते. आपण एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर गेलो, की मागच्या पानाचा पत्ता नव्या पानाच्या संगणकाला कळवला जातो. त्या ओळीचे नाव 'रेफरर'. इंग्रजीत या शब्दात 'आर' हे अक्षर एकूण चार वेळा यायला हवे. नाव सुचवताना ते तीनच वेळा लिहिले गेले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते तसेच छापले गेले आणि तोवर ते इतके रुळले होते, की बदलणे अशक्य झाले. पुढे याच विषयावर दुसरी ओळ आली तेव्हा तिचे स्पेलिंग बरोबर ठेवले. त्यामुळे आज दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात आणि नवख्याला दोन्ही लक्षात ठेवावी लागतात.

या प्रकरणात तपासनीसाचाही संबंध येतो. त्या काळी युनिक्सवर 'स्पेल' नावाची आज्ञावली वापरात होती. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी तिचे पहिले रूप लिहिले आणि डग मॅकिलरॉय यांनी ती सुधारली. सुमारे ३०,००० शब्दांची यादी त्यांनी ६४ किलोबाइटच्या मर्यादेत बसवली होती. एवढ्या लहान यादीत चुकीचे रूप तर नव्हतेच, बरोबर रूपही नव्हते, असे त्या वेळच्या चर्चेत सांगितले गेले. म्हणजे तपासनीस दोन्ही शब्दांना नावे ठेवणार. मग त्याचे ऐकायचे कोणी? जो तपासनीस बरोबर शब्दांनाही अडवतो त्याला लोक दुर्लक्षितात किंवा बंद करून टाकतात. पुढे तो खरोखरच बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

युनिक्सच्या जगात एक रीत होती : सांगण्यासारखे काही नसेल तर आज्ञावलीने गप्प बसावे. माणूस स्वतः आज्ञा टाइप करून 'स्पेल' चालवत असे तेव्हा ही रीत ठीक होती, कारण आज्ञावली चालली की नाही हे त्याला लगेच कळे. पुरवणी मात्र आपण चालवत नाही. ती मागच्या मागे सुरू होते, असे आपण गृहीत धरलेले असते. परिस्थिती बदलली आणि रीत तीच राहिली, तर गप्प बसणे फसवे ठरते.

एडिटरच्या कर्त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. पुरवण्या एका वेगळ्या प्रक्रियेत चालतात. त्यामुळे एखादी बिघडली तरी लिहिणे थांबत नाही. शिवाय प्रत्येक पुरवणी गरज पडेल तेव्हाच जागी होते. या दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या आहेत. पुरवण्यांची ती संपूर्ण प्रक्रियाच कोसळली तर एडिटर तसे सांगतोही. पण एकटी पुरवणी जागी झाली नाही तर त्याची नोंद बहुतेक वेळा आतल्या एखाद्या यादीत होते आणि समोरचे पान निर्मळ दिसत राहते.

पुरवणी सुरू न होण्याची नेहमीची कारणे मोजकी आहेत. पुरवणीला एडिटरची जी किमान आवृत्ती लागते त्यापेक्षा आपला एडिटर जुना असतो. २०२१ पासून अनोळखी फोल्डर मर्यादित स्थितीत उघडतो व त्यात काही पुरवण्या बंद ठेवल्या जातात. तिसरे कारण अधिक समजून घेण्यासारखे आहे. काही तपासनीसांचा गाभा सी++ भाषेत लिहून यंत्रभाषेत रूपांतरित केलेला असतो. अशा भागावर तो कोणत्या पायाभूत संचासाठी बनवला त्याचा क्रमांक असतो. नोड या संचाच्या १६ व्या आवृत्तीचा क्रमांक ९३, तर १८ व्या आवृत्तीचा १०८. एडिटर ज्या इलेक्ट्रॉनवर उभा आहे त्याचे क्रमांक आणखी निराळे. एडिटर नवा झाला आणि क्रमांक जुळला नाही, की तो भाग उघडतच नाही. काल चालणारा तपासनीस आज हात न लावता बंद पडतो, त्याचे हे एक कारण.

यावर सर्वत्र मिळणारा सल्ला म्हणजे 'पुरवणी काढा आणि पुन्हा घाला'. हा सल्ला आम्हाला पटत नाही. त्याने काम झाले तर कारण कळत नाही. नाही झाले तर आपण आणखी गोंधळतो. शिवाय पुरवणी काढली तरी आपण निवडलेल्या तिच्या सेटिंग्ज मागे राहतात, त्यामुळे दोष त्यांत असेल तर तो जागचा हलत नाही.

त्यापेक्षा विज्ञानाच्या तासाला आपण जे करतो ते करावे. आयोडीन टाकून निळा-काळा रंग आला नाही, तर पदार्थात स्टार्च नाही असे आपण लगेच म्हणत नाही. आधी तोच थेंब बटाट्याच्या फोडीवर टाकून द्रावण चांगले असल्याची खात्री करतो. येथे बटाट्याची फोड म्हणजे मुद्दाम चुकवलेला शब्द. तो मात्र विचारपूर्वक निवडावा. कोड स्पेल चेकर ही प्रसिद्ध पुरवणी, सेटिंग्ज बदलल्या नसतील तर, चारपेक्षा कमी अक्षरांचे शब्द तपासतच नाही. तीन अक्षरी शब्द चुकवून पाहणारा निरोगी पुरवणीला आजारी ठरवील.

मोठ्या चुकलेल्या शब्दाखालीही रेघ आली नाही, तर चालू पुरवण्यांची यादी व नोंदवही उघडून संदेश वाचावा. तेथे काही सापडले नाही, तर दुसऱ्या पुरवणीशी भांडण आहे का हे पाहावे. एडिटरमध्ये त्यासाठी 'बायसेक्ट' ही सोय आहे. ती निम्म्या पुरवण्या बंद करून दोष राहिला की गेला हे आपल्याला विचारते आणि उरलेल्या गटाचे पुन्हा दोन भाग करते. ३२ पुरवण्यांत एकच दोषी असेल तर १६, ८, ४, २, १ अशा ५ फेऱ्यांत ती सापडते. मात्र यात 'एकच दोषी' हे गृहीत आहे. दोन पुरवण्या मिळून दोष घडवत असतील तर ही पद्धत चुकीचे उत्तर देऊ शकते, आणि क्रमांक न जुळण्याच्या दोषावर तिचा उपयोग नाही.

आमच्या मते दुरुस्ती अवघड नाही. एडिटरच्या तळाशी एक पट्टी असतेच. तपासनीसाने तेथे 'इतके शब्द तपासले, इतके संशयास्पद' असे लिहावे. मग शून्य चुका आणि शून्य तपासणी यांतला फरक डोळ्यांना दिसेल. तोवर ते काम आपले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर द्यावा : ज्या उपकरणावर आपण विसंबतो ते बंद असताना कसे दिसते? गॅल्व्हनोमीटरचा काटा, धुराची सूचना देणारी घंटा, पडद्यावरची नागमोडी रेघ या सर्वांना तो लागू पडतो. उपकरण चालू असल्याचा पुरावा हाती नसेल, तर 'दोष आढळला नाही' हे वाक्य प्रयोगवहीत लिहू देऊ नये.