औदुंबरचे व्रत, किशोरीचे गाणे

मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’चा (१९३८) विषय निघाला की बोलणे मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखापाशी अडते. त्यात आचार्य अत्र्यांच्या कथेची खरी गंमत हरवली, असे माझे मत आहे.

कथा तशी विक्षिप्तच. एक व्याख्यान ऐकून औदुंबर ब्रह्मचर्याचे व्रत घेतो, जमवलेली नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो. मग किशोरी येते. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तिवशात माझ्या लहानपणीही लंगोट आणि ब्रह्मचर्य यांचा उपदेश एका दमात ऐकायला मिळे. त्यामुळे औदुंबर मला विदूषक न वाटता ओळखीचा वाटतो.

हॉलिवूडच्या ‘लव्ह मी टुनाइट’मध्ये (१९३२) एक शिंपी सरदार म्हणून खपतो. पॅरिसमधल्या त्याच्या दुकानात सुरू झालेले गाणे टॅक्सीवाला, आगगाडीतले सैनिक, जिप्सी असे तोंडातोंडी फिरत राजकन्येच्या सज्जापर्यंत पोहोचते. तिथे गाणे कथेतला अशक्यपणा पोटात घालते. ‘ब्रह्मचारी’तले गाणे मात्र वाद घालते. व्याख्यानाला उत्तर व्याख्यानाने देणे अत्र्यांना काही जड नव्हते (ती हौस त्यांना दांडगी!), पण त्यांनी किशोरीच्या तोंडी गाणे दिले. नुसते धाडस म्हणून पाहिले, तर हे उत्तर ऐकूच येत नाही.

‘ब्रँडीची बाटली’त (१९३९) बगाराम हा भिडस्त कारकून औषधापुरत्या ब्रँडीसाठी वणवण करतो. कल्पना तीही चमत्कारिक. माझी पसंती तरीही औदुंबरला. बगारामची अडचण बाहेरून आलेली. औदुंबरने ती भर सभेत स्वतः ओढवून घेतली आहे.