‘सायलेंट स्प्रिंग’मधील पतंग: एका प्रकरणाचे पुनर्वाचन

रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथाविषयी आपण वर्गात बोलतो तेव्हा निष्पाप निसर्ग आणि अपराधी मानव अशी सरळ विभागणी बहुधा गृहीत धरलेली असते. ग्रंथाचे नववे प्रकरण या विभागणीत पुरतेपणी बसत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, मिरामिशी नदीच्या खोऱ्यात हे प्रकरण उघडते. जून १९५४ मध्ये तेथील सूचिपर्णी अरण्यावर विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. लक्ष्य होते स्प्रूस बडवर्म या पतंगाची अळी; बळी गेली ती नदीतील सॅल्मन माशांची पिले. नदीचे वर्णन कार्सन ज्या आत्मीयतेने करतात, तिला तोड नाही. पतंग मात्र उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. सुमारे दर ३५ वर्षांनी त्याची संख्या अफाट वाढते, एवढे सांगून निवेदन पुढे सरकते.

वास्तविक नाट्य येथेच आहे. बाल्सम फर हा या अळीचा प्रमुख भक्ष्यवृक्ष. तो प्रौढ होऊन दाटला आणि कोरडी वर्षे लागोपाठ आली, की एरवी अत्यंत दुर्मिळ असणारा हा कीटक अरण्य ओरबाडून काढतो. सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ च्या निबंधात दाखविले, की प्रौढ फर मेल्यामुळेच स्प्रूस व बर्च या वृक्षांना जागा मिळते. अळी नसती तर फरने त्यांना रेटून बाहेर काढले असते. उद्रेक ही अरण्याची व्याधी नव्हे, त्याच्या जगण्याची लय ठरते. मग फवारणीने काय साधले? कागद-उद्योगाची फर वाचली आणि तिच्यासोबत अळीचे अन्नही वाचले! (टी. रोयामा यांनी १९८४ मध्ये हे अन्नकेंद्री स्पष्टीकरण अमान्य करून परजीवी आदी नैसर्गिक शत्रूंवर भर दिला. परजीवींबाबत कार्सन यांचा कौल त्यांच्याच जवळचा निघावा, ही गंमतच.)

हॉलिंग यांचे विवेचन कार्सन यांना उपलब्ध नव्हते. तो दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. आक्षेप वाङ्मयीन आहे. त्याच वर्षीच्या चक्रीवादळाने आणलेल्या पुरामुळे सॅल्मन मोठ्या संख्येने नदीत चढले, हे त्या आवर्जून नोंदवितात. संहारक शक्ती जीवनदात्रीही असू शकते, हे त्यांना वादळात दिसले. तीच भूमिका पतंगाला देण्याचे मात्र त्यांनी टाळले.