‘करणी’ शब्दाचा अर्थ

‘करणी’ म्हणजे ज्या संख्येचें मूळ पूर्ण निघत नाहीं ती, हा समज शालेय गणितामुळें इतका रूढ झाला आहे कीं, बीजगणिताच्या जुन्या पोथ्या लावतांनाही तोच पुढें येतो. अर्वाचीन गणितापुरता तो चालेल. पोथ्यांस लावला असतां भास्कराचार्यांच्याच उदाहरणाशीं विरोध येतो.

बीजगणितांतील करणीषड्विधांत गुणनाचें एक उदाहरण आहे. गुणकांत २, ३ व ८ या करणी. गुण्यांत ३ ही करणी आणि ५ रूपें. येथें गुणनासाठीं रूपांचा वर्ग करून ‘क २५’ असें मांडावयाचें असतें. २५ चें मूळ ५ हें निःशेष निघतें, तरी ती करणीच! पुढें गुणाकारांत ‘क ९’ येते, तेव्हां तिचें मूळ घेऊन ‘रू ३’ होतात. म्हणजे मूळ न निघणें हें करणीचें लक्षण नव्हे. जिचें मूळ घेणें अभिप्रेत आहे ती करणी. नारायण पंडितांनीं बीजगणितावतंसांत केलेलें लक्षण असेंच आहे. कोलब्रुक यांनीं १८१७ च्या भाषांतरांत करणीस ‘सर्ड’ म्हटलें. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘बहिरा’, व तो अरबी ‘असम्म’ शब्दावरून आला. करणीचें कूळ अगदीं निराळें.

तें शुल्बसूत्रांत सांपडतें. ‘क्रियते अनया’ अशी व्युत्पत्ति घेतली म्हणजे जिच्या योगानें चौरस करावयाचा ती करणी. अध्याहृत विशेष्य ‘रज्जु’, म्हणून स्त्रीलिंग. कात्यायनांनीं करणीची गणना रज्जूंतच केली आहे. (खेडेगांवच्या मुलांना वर्गांत हा शब्द ऐकून हंसूं येई, त्यांना जादूटोण्याची करणी तेवढी ठाऊक. धातु एकच, संबंध मात्र नाहीं.) दुप्पट क्षेत्राचा चौरस करणारी ती द्विकरणी, म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण. बौधायनांनीं दिलेलें तिचें मान ५७७/४०८ इतकें होतें व तें दशांशाच्या पांच स्थळांपर्यंत बरोबर आहे.

येथें करणी ही भुजा आहे आणि २ हें क्षेत्र. बीजगणितांत मात्र क्षेत्रदर्शक संख्येसच करणी म्हणतात. आमच्या मतें ‘द्विकरणी’ हा समास सुटून ‘क २’ अशी मांडणी झाली, तेव्हां भुजेचें नांव शेजारच्या संख्येस चिकटलें.

पोथीसंग्राहकांस यांत एक धोका आहे. याच ग्रंथांत दुसरा अव्यक्त ‘कालक’ हा ‘का’ या अक्षरानें दाखवितात. लेखकाच्या हातून काना गळणें ही नित्याची गोष्ट. म्हणून ‘क २५’ दिसतांच, ‘२५ ला मूळ आहे, तेव्हां ही करणी असणें शक्य नाहीं’ असें म्हणून संशोधक पदरचा काना घालण्याचा संभव आहे. तसें करण्यापूर्वीं त्यानें पुढचें गणित स्वतः करून पाहावें. क २५ ला क १८ नें गुणून पुढील ओळींत क ४५० येत असेल, तर लेखकाचें अक्षर बरोबर आहे.