एकटेपणाची गाणी आणि संबोधनाचा प्रश्न
(भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने)

‘एकटे वाटत असता ऐकावयाची गाणी’ असा एक वर्ग अलीकडे गाण्यांच्या याद्यांत रूढ झाला आहे. या वर्गात कोणते गाणे घालावयाचे हे ठरविताना बहुधा विषय पाहिला जातो. विरह, पाऊस, रिकामे घर किंवा उतरती संध्याकाळ आली की ते गाणे एकटेपणाचे समजले जाते. ही कसोटी वरवरची आहे. गाण्यात एकटेपणाचा उल्लेख असणे निराळे आणि एकट्या माणसाला त्या गाण्याची सोबत होणे निराळे. दुसऱ्या गोष्टीचा निर्णय विषयावरून होत नाही. गाण्यात कोण कोणाशी बोलत आहे, यावरून तो पुष्कळसा होतो. भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे गाणे म्हणण्याकडून ऐकण्याकडे झालेला प्रवास दोन-तीन पिढ्यांच्या आतला आहे, हा भेद चांगला तपासता येतो.

जाते आणि उखळ ही मुळात दोघींची साधने होत. धानाच्या या मुलखात कांडणाला दळणाइतकेच महत्त्व होते. एका खुंट्याला दोघींचे हात, किंवा एका उखळात एकाआड एक पडणारी दोन मुसळे, ही कामाची घडण गाण्यातही उतरली. एकीने चरण उचलावा, दुसरीने तो घोळवावा. परंतु पहाटे उठून एकटीनेच दळावयाचे आले, तरी ओवीतील ‘बाई’ हे संबोधन सुटत नाही, आणि ‘सांगणे’ या क्रियापदाचे प्रथमपुरुषी रूपही तसेच राहते. समोरची बैठक रिकामी आहे. वाक्यातील तिची जागा मात्र भरलेली आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळावयास बसतो, ही कथा भक्तीचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. भाषेच्या अंगाने पाहिल्यास ती ओवीच्या व्याकरणाचेच कथारूप आहे असे म्हणावेसे वाटते.

आता या ओव्यांतील वियोगाचे स्वरूप पाहावे. ज्याची आठवण होते तो भाऊ, ती आई किंवा ते माहेर सामान्यतः तृतीयपुरुषात असते. त्यांच्याविषयी सांगितले जाते, आणि ते जवळच्या कोणाला तरी सांगितले जाते. म्हणजे ओवीत तीन स्थाने असतात: सांगणारी, ऐकणारी, आणि जो येथे नाही तो. दुःख तिसऱ्या स्थानी आणि सोबत दुसऱ्या स्थानी, अशी ही विभागणी आहे. हा नियम निरपवाद नाही. भावाला थेट हाक घालणाऱ्या ओव्या आहेत, आणि विठ्ठलाशी भांडणाऱ्या तर कितीतरी. पण देव हा अनुपस्थित मानला जात नाही, आणि भावाला घातलेली हाकही पुष्कळदा पुढल्याच चरणात त्याच्याविषयीच्या कथनाकडे वळते.

मराठीत ‘एकांत’ आणि ‘एकटेपण’ हे शब्द वेगळे राहिले, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकांत शोधला जातो, एकटेपण वाट्याला येते. चक्रधरांच्या शिष्यवर्गात भंडाऱ्याचे नीळभट भांडारेकर होते. त्या पंथाच्या आचारात एकाकी विजन हे साधन मानलेले आहे. दळणारणीला असा पर्याय नव्हता. तिच्या ओवीत एकांताची प्रशंसा शोधू गेल्यास ती क्वचितच सापडेल.

जात्याची जागा चक्कीने घेतली आणि कांडणाची जागा भातगिरणीने. त्याचबरोबर जिल्ह्यातील पुष्कळ स्त्रियांच्या मांडीवर विडीचे सूप आले. तेंदूच्या पानाची विडी वळताना बोटे गुंततात, पण सर्व अंग हलत नाही. श्वास कामाशी बांधलेला नसतो, त्यामुळे या कामाला स्वतःचा ताल नाही. ते गाणे मागत नाही. कान मोकळा ठेवते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, आणि पुढे स्वस्त ट्रान्झिस्टर खेड्यापर्यंत पोहोचला, तेव्हा या मोकळ्या कानात जे शिरले त्यात भावगीत प्रमुख होते.

भावगीताने ओवीची विभागणी उलटी केली. तेथे जो दूर गेला तोच ‘तू’ असतो. सांगणारा ‘मी’ त्याच्याशी बोलतो, आणि तो तर तेथे नाही. ज्याला हे सांगावे असा तिसरा कोणी गाण्यात उरत नाही. घरात बसून ऐकणारी स्त्री या बोलण्याची अधिकृत श्रोती नव्हे. दाराआडून दुसऱ्यांचे बोलणे तिच्या कानावर पडते एवढेच. तिला सुख होत नाही असे नाही. त्या ‘मी’च्या जागी स्वतःला ठेवून ती ऐकते, आणि स्वर गोड असेल तर दुःखही गोड लागते. परंतु तिला कोणी ‘बाई’ म्हणून हाक मारलेली नसते. भावगीताच्या समीक्षेने शब्दकळा आणि चाल यांचा पुष्कळ विचार केला. या बदललेल्या सर्वनामांकडे मात्र तिने फारसे लक्ष दिले नाही, ही उणीवच होय.

शेजारच्या नागपूरचे कवी ग्रेस (१९३७–२०१२) हे या विवेचनाला अडचणीचे उदाहरण आहेत. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून त्यांच्या कवितेत ‘तू’ सुद्धा स्थिर राहत नाही. ‘ती’ येते, पण ती कोणाला सांगितली जात आहे याचा पत्ता लागत नाही. वरील विचार शब्दशः लावला तर ही कविता सर्वांत कमी सोबतीची ठरावी. प्रत्यक्षात हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाली दिल्यावर ती एकट्या श्रोत्यांनी अतिशय आपलीशी केली. याचे एक कारण असे संभवते की, जेथे ‘तू’ची जागा कोणाच्याच नावे नाही, तेथे श्रोत्याला दाराआड उभे राहावे लागत नाही. दुसरे कारण अर्थात चालीचे आहे, आणि ते संगीतज्ञांनी पाहावे.

संबोधनाला इतके महत्त्व दिले की संकलनाच्या पद्धतीकडे वळणे भाग पडते. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) भंडाऱ्याची मराठी ‘नागपुरी’त जमा आहे, तिचे ‘झाडीबोली’ म्हणून स्वतंत्र रूप साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी पुढे आग्रहाने मांडले. या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. सुशिक्षित लेखनिकाच्या हातून हे उच्चार नकळत ‘शुद्ध’ होतात, आणि त्याविषयी बोलीच्या अभ्यासकांनी तक्रार केलेली आहे. त्याहून सूक्ष्म हानी ‘वो’, ‘माय’, ‘बाई’ यांची होते. पादपूरक समजून ती गाळली जातात, किंवा ‘वो’च्या जागी ‘गं’ लिहिला जातो. वर्ण बदलला तर बोली हरवते; संबोधन गळले तर गाण्यातले दुसरे माणूसच नाहीसे होते, आणि छापील ओवी भावगीतासारखी दिसू लागते. काही रसिकांना ती तशीच अधिक आवडते, हे आणखी वेगळे.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांतील अनेक आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर गायिकांच्याच आवाजात ऐकता येतात. हे कार्य मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे जिल्ह्यातील आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात असे काम हाती घेताना, १९९९ मध्ये वेगळा झालेला गोंदिया जिल्हाही त्यात धरावा. कारण बोलीची सीमा त्या वर्षी बदललेली नाही. प्रत्येक गीताबरोबर गायिकेचे गाव आणि वय नोंदविण्याची प्रथा आहेच. म्हणताना तिच्या समोर कोण बसले होते, आणि कोणी नसल्यास ‘बाई’ म्हणताना ती कोणाकडे पाहत होती, हाही एक रकाना त्या नोंदवहीत असावा.