निमंत्रणपत्रिकेचें परीक्षण

ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें. मग समारंभाचें कां होऊं नये? कारखान्याची वार्षिक सभा, बँकेचा रौप्यमहोत्सव, साहित्यसंमेलन हीं सारीं अलीकडे एकाच सांच्यांतून निघूं लागलीं आहेत, आणि ‘इव्हेंट’ या नांवानें तो सांचा पुरविणारे व्यावसायिक आतां जिल्ह्याच्या गांवींहि मिळतात. मंडप, दिवे, ध्वनि, भोजन यांची व्यवस्था ते चोख ठेवतात, हें आम्हांस मान्य आहे. मात्र समारंभ यशस्वी झाला कीं नाहीं हें दुसऱ्या दिवशींच्या छायाचित्रांवरून ठरविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

समारंभाची खरी संहिता म्हणजे निमंत्रणपत्रिका. वाचकांनीं घरीं आलेली एखादी पत्रिका समीक्षकाच्या दृष्टीनें वाचून पाहावी. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथि, विशेष उपस्थिति, प्रार्थनीय उपस्थिति, आणि तळाशीं ‘आपले विनीत’ म्हणून नांवांचे दोन रकाने! व्याख्यानाचा विषय या दाटींत शोधावा लागतो. वेळ ‘सकाळीं ठीक १० वाजतां’ अशी असते, व त्या ‘ठीक’ शब्दावर छापणाऱ्याचाहि विश्वास नसतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय यांत तास-दीड तास सरल्यावर ज्यास ऐकण्यासाठीं लोक आले त्या वक्त्यापुढें चिठ्ठी येते कीं, पांच मिनिटांत आटोपावें. येथें दोष वक्त्याचा नाहीं, निवेदकाचाहि नाहीं. आखणीच व्यासपीठापासून सुरू झाली. ती मंडपांतल्या शेवटच्या रांगेपासून सुरू व्हावयास हवी होती.

या दृष्टीनें बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईकडे पाहण्यासारखें आहे. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या ज्या गांवीं आहेत, तेथें १९८३ सालीं व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. पुढें २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं यशवंतराव चव्हाण निवर्तले, आणि भगवानराव लोमटे यांच्या पुढाकारानें त्यांच्या नांवाचा स्मृतिसमारोह येथें सुरू झाला. पुण्यतिथीच्या सुमारास भरणाऱ्या या समारोहांत कविसंमेलन असतें, शास्त्रीय गायनवादन असतें आणि शेतकऱ्यांची परिषदहि असते. हा बेत आम्हांस फार मोलाचा वाटतो. पाहुण्या संमेलनाचा मंडप एकदां उठला कीं उठला. वर्षानुवर्षें भरणारा समारोह मात्र आपले श्रोते स्वतःच घडवितो. शेतमालाच्या भावाविषयीं ऐकावयास आलेला गृहस्थ रात्रीं ख्याल ऐकण्यासाठीं थांबला, तर हें यश कोणत्याहि छायाचित्रांत सांपडावयाचें नाहीं. १९७५ सालच्या कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनांत यशवंतराव व्यासपीठ सोडून श्रोत्यांत बसले होते, अशी आठवण सांगतात. त्यांच्या नांवाच्या समारोहास ही आसनव्यवस्था शोभून दिसेल.

तारखेविषयीं मात्र आम्हांस एक शंका घ्यावयाची आहे. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें ऊसतोडीस बाहेर पडतात. कोयता, पोरेंबाळें, गाडीबैल यांसह त्यांचे तळ पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत पडतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. यांतल्या कित्येकांची स्वतःची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असते. म्हणजे तीं शेतकरीच. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतीवर चर्चा होते तेव्हां ज्यांच्या शेतीचा प्रश्न सर्वांत बिकट, तीं घरें कुलूपबंद असतात व दाराशीं एखादी म्हातारी बसलेली दिसते. तारीख समितीनें निवडलेली नाहीं, मृत्यूनें नेमून दिली, हें खरें. पण परिषदेचा दिवस समारोहापासून वेगळा काढण्यास तेवढ्यानें अडचण येऊं नये.

याच जिल्ह्यांतील दसऱ्याचा मेळावा पाहा. पूर्वीं भगवानगडावर भरणारा व २०१७ पासून पाटोदा तालुक्यांत सावरगांव घाट येथें भरूं लागलेला हा मेळावा गर्दीसाठीं प्रसिद्ध आहे. त्यांतील राजकारणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. त्या गर्दीचें श्रेय सर्वजण वक्तृत्वास देतात. थोडें पंचांगासहि द्यावें. टोळ्या गांव सोडण्याच्या सुमारासच हा सण येतो.

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची गत उलट आहे. सहकारी कायद्याप्रमाणें ती आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आंत, घ्यावी लागते. तोडणीचे मजूर त्या वेळीं गांवींच असतात; परंतु मजूर या नात्यानें त्यांस सभेंत आसन नाहीं. ऊस पुरविणारा सभासद बोलूं शकतो, ऊस तोडणारा मंडपाबाहेर उभा. अहवालाच्या गुळगुळीत कागदावर गाळपाचे आंकडे मोठ्या टायपांत असतात. ज्या हातांनीं तो ऊस फडांतून गव्हाणीपर्यंत आणला, त्यांच्यासाठीं विषयपत्रिकेवर एक ओळ घालावयास कायद्याची आडकाठी आहे, असें आम्हांस दिसत नाहीं.

अंबाजोगाईच्या मंडळींस आमची सूचना एवढीच कीं, कविता व गाणें नोव्हेंबरांत राहूं द्यावें. शेतीची परिषद मात्र भाद्रपदांत घ्यावी. पोळा होऊन गेलेला असतो आणि सोयाबीनच्या काढणीस अवकाश असतो, असे आठ-दहा दिवस त्या महिन्यांत निघतात. पावसाचें भय आहे. मंडपास ताडपत्री अधिक लागेल.